पट्ट्याचा की गिअरचा

रजतनं मोबाइलवरचे दोन लेथ बापापुढे धरले. बालाघाटातल्या त्यांच्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात महागू उशीला टेकून बसला होता.

"बाबा, हा पट्ट्याचा, हा गिअरचा. जोर पडला का पट्टा सटकते, गिअर सोडत नाही. गिअरचाच घेऊ नं?"

सोडत नाही, तेच तर. रजतच्या जन्माआधी एकदा महागूच्या गळ्यातला गमछा लेथवर फिरणाऱ्या नळीभोवती गुंडाळला गेला होता. पट्टा सटकला म्हणून मान वाचली. आता रजत पुढे वाकला होता आणि त्याच्याही गळ्यातला गमछा तसाच लोंबत होता.

"हौ," महागू म्हणाला.

"मंग पक्का करून टाकू?"

"हौ."

महागूचे डोळे घळाघळा वाहू लागले. रजतनं ते आपल्या गमछ्यानं पुसले आणि आत आईला हाक मारली, "पाय वो माय, बाबा किती खुश झाले."

लकवा मारल्यापासून महागूच्या तोंडात तेवढा एकच शब्द उरला होता, आणि तेव्हापासून घरातलं पानही त्याला विचारल्याशिवाय हलत नव्हतं.