इंजिनाला लावलेला कान

दुपारी दादानं आणि मी त्या जुन्या गाडीचं इंजिन उघडलं. चारही पिस्टन टेबलावर फडक्यात मांडले होते आणि कार्बोरेटर रॉकेलच्या डब्यात निवांत डुंबत होता.

इंजिनाचं दुखणं ऐकायची आमची घरची रीत आहे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. हात सवयीचे गुलाम. मी तसंच केलं.

"रिकाम्या घरात कोण बोलणार रे?" दादा हसला.

इंजिनाच्या आत पाना पडल्याचा आवाज झाला. मग दादाच्या हातून पाना निसटला आणि फरशीवर अगदी तसाच वाजला.

मी पुन्हा कान लावला. आत कुणाला तरी ठसका लागला होता. वळून पाहिलं, तर दादा चहा पीत होता. घोट घशाखाली उतरला आणि तो ठसकला.

दारातलं ऊन हळूहळू आत सरकत होतं. गुंगी आल्यासारखी मान पुन्हा खाली झुकली.

आत माझाच आवाज होता. मी रडत होतो. "दादा, डोळे उघड ना! दादा!"

"काय म्हणतंय इंजिन?" दादानं हसत विचारलं आणि सहज छाती चोळली.