मूठभर बाजरी

ठकूबाई ज्या घट्ट टाक्यानं वाकळा शिवायची, त्याच टाक्यानं तिनं जुन्या लुगड्याच्या बारा पिशव्या शिवल्या आणि पिंपरी कॅम्पातल्या दुकानदारापुढं ठेवल्या. विकायची ही पहिलीच वेळ. फाळणीत सिंध सोडून आलेल्या त्या शेठनं एका पिशवीत दहा शेरांची वजनं घालून गदागदा हलवली. एकही टाका उसवला नाही. वजनं काढताना मात्र हाताला बाजरी लागली. त्यानं बाकीच्या चाचपल्या. प्रत्येकीत मूठभर बाजरी. “बाई, माल झटकून आणायचा असतो.” “सांडलेली न्हाई, शेठ. रिकामी पिशवी आमी कुनाच्या हातात देत न्हाई,” ठकूबाई म्हणाली. “आम्ही इथं उतरलो तेव्हा पिशव्या रिकाम्याच होत्या,” शेठ म्हणाला. पुढच्या पिशव्यांसाठी कोऱ्या मांजरपाटाचा गठ्ठा त्यानं तिच्या डोक्यावर ठेवला. घरी तिनं गठ्ठा सोडला. घडीत खडीसाखरेची पुडी होती.