भरीचं शिसं

"उतरलं!" धाकटा ओरडला आणि काट्यावर उभ्या असलेल्या थोरल्या भावाच्या पाठीवर त्याने अशी थाप मारली की काटा पुन्हा हलला. "दादा, आणखी एक किलो! मानलं बुवा तुला."

थोरला काट्यावरून उतरला, बाजूच्या खुर्चीवर बसला आणि त्याने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली. बाहेर उन्हाने ट्रॅकचं डांबर मऊ पडलं होतं. धाकट्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो पाना शोधत होता.

उद्याची शर्यत दिवसभराची होती. गाडी एक, चालक दोन, थोरला आणि त्याचा जोडीदार, आळीपाळीने चालवायची; गाडीची तयारी धाकट्याकडे. छोट्या इंजिनांच्या गटाचा नियम तसा साधा. दोन्ही चालकांचं मिळून ठराविक वजन भरलं पाहिजे. कमी पडेल तेवढं शिसं गाडीत बसवायचं. हलक्या माणसाच्या जिवावर कुणी पुढे जाऊ नये, एवढाच हेतू. पण हेतू आणि नियम यांच्यात जी फट राहते, तिथेच धाकट्यासारख्यांचं डोकं चालतं. माणूस बसतो उंच, सीटवर. शिसं बसतं तळाला. माणसातला किलो काढून तळाला नेला की गाडी वळणावर मांड ठोकून बसते, टायरही कमी झिजतात.

दुसऱ्या चालकाला सगळे पैलवान म्हणत. त्याचं वजन तसूभर हलत नव्हतं. थोरल्याचं मात्र मोसमाच्या सुरुवातीपासून उतरत होतं. दर शर्यतीआधी धाकटा शिशाची नवी पट्टी बसवायचा, आणि ती स्वतःच्या हाताने. ते काम त्याने मेकॅनिकलाही कधी करू दिलं नाही. या गटाचा चषक दोघा भावांना इतकी वर्षं हुलकावणी देत आला होता. यंदा तो हाताशी आला होता.

म्हणून दुपारी कँटीनमध्ये गटाची बैठक बसली तेव्हा धाकटा कंबर कसूनच आला. पिवळ्या गाडीच्या मालकाने नियम बदलायची मागणी केली होती. गृहस्थांना वादाची खोड, त्यामुळे त्यांचं नावच वकीलसाहेब पडलेलं. त्यांचं म्हणणं, भरीचं शिसं यापुढे सीटलाच, चालकाच्या छातीच्या उंचीवर बांधायचं. हे मंजूर झालं तर चषकावर पाणीच सोडावं लागणार होतं.

"माणूस सुकवायचा आणि गाडी पळवायची, असं चाललंय हे," वकीलसाहेब म्हणाले.

"आमचा माणूस तोंडावर ताबा ठेवतो," धाकटा उठून म्हणाला. "तुमच्या माणसाचा ताटावरून हात उठत नाही, त्याला नियम काय करणार?"

वकीलसाहेबांचा चालकसुद्धा पोट धरून हसला. मग अध्यक्ष थोरल्याकडे वळले. "तुम्हीच सांगा. एवढं वजन उतरवता तरी कसं?"

"मी काहीच करत नाही," थोरला म्हणाला. "आपोआप उतरतंय."

"मग आमचं मेलं का उतरत नाही आपोआप?" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळं कँटीन खो खो हसलं. सगळ्यात मोठ्याने धाकटा हसला. दादाचं हे जुनंच; केलेल्या कष्टांची वाच्यता म्हणून करायची नाही. थोड्या दिवसांपूर्वी वहिनीचा फोन आला होता. "भावजी, हे ताटातलं निम्मं तसंच ठेवून उठतात. तुम्ही तरी सांगा त्यांना." त्याने उलट तिलाच गप्प केलं होतं. चषक घरी येईपर्यंत तेवढा आग्रह करू नका, हवं तर पाया पडतो, म्हणाला होता.

मतं पडली. नियम होता तसाच राहिला. धाकटा गॅरेजमध्ये आला, गाडीखाली पाठ टेकून त्याने नवी पट्टी बसवली आणि शीळ घालत बोल्ट आवळले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चषक जिंकला. शेवटची पाळी थोरल्याने अशी चालवली की पैलवान कठड्यावर चढून नाचला. गाडी आत येऊन थांबली, दार उघडलं, पण थोरला बाहेर येईना. सीटचा पट्टा सोडवण्याइतका जोर त्याच्या बोटांत उरला नव्हता. धाकट्याने वाकून पट्टा सोडवला, काखेत हात घातले आणि त्याला बाहेर काढलं. लहान मुलासारखा तो अलगद उचलला गेला. धाकट्याने त्याला खाली ठेवलंच नाही, तसाच इस्पितळात नेला.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगायचं ते सगळं सांगितलं. थोरला पलीकडच्या खोलीत झोपला होता. आजार पसरला होता. सुरुवातीला आणलं असतं तर पुष्कळ काही करता आलं असतं. आता फार तर त्रास कमी करता येईल. वहिनी पर्सचा पट्टा बोटांना गुंडाळत होती, सोडवत होती. धाकट्याला कँटीनमधलं आपलं हसणं आठवलं आणि आपणच आपल्या थोबाडीत मारून घ्यावी असं वाटलं. ज्याने त्याला मांडीवर बसवून पहिल्यांदा स्टिअरिंग धरायला शिकवलं, तो भर बैठकीत खरं तेच सांगत होता.

"इतकं वजन काही एका दिवसात उतरत नाही," बाई म्हणाल्या. "कित्येक महिने उतरत असणार. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

 वहिनीने भावजींकडे पाहिलं.

"आलं होतं," धाकटा म्हणाला. "जेवढं उतरलं, तेवढं मी शिसं घालत गेलो."