सलाईनच्या बाटलीतली मेथी

"आजोबा, हा बटाटा कुणी दिला?"

डॉक्टरांनी उशीखाली हात घालून उकडलेला बटाटा बाहेर काढला. कोपऱ्यातल्या खाटेवरचे आजोबा खिडकीबाहेर बघत राहिले.

"बटाटा म्हणजे भाजीच की," ते शेवटी म्हणाले. "तुम्हीच सांगितलंत, भाज्या खा."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. रक्तात साखर, पायाला जखम आणि उशीखाली बटाटा. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं तरी किती?

आजोबांना भाज्या लावायचं वेड. अनवाणी वाफ्यात शिरले आणि गंजक्या खुरप्यावर पाय पडला. दुसरीकडे कुठेतरी पाय कापायला सांगितला, तेव्हा ते या सरकारी दवाखान्यात आले. आल्या आल्या त्यांनी बजावलं, "पाय घेऊन आलोय, पाय घेऊनच जाणार." वर हट्ट असा की याच डॉक्टरांनी बघितलं पाहिजे.

तेव्हापासून डॉक्टर रोज सकाळी स्वतः खाली बसून जखम धूत होते. पट्ट्या संपल्या की मोठ्या सिस्टर दुसऱ्या वॉर्डातून उसन्या आणायच्या. त्यातही आजोबांचा उद्योग बंद नव्हता. सलाईनच्या रिकाम्या बाटल्या कापून त्यांनी खिडकीत मेथी लावली होती. सिस्टर आधी भयंकर चिडल्या आणि मग स्वतःच तिला पाणी घालू लागल्या.

पट्टी बांधता बांधता डॉक्टरांचं गाऱ्हाणं चालायचं. पगार आधीच तुटपुंजा, त्यातही तो वेळेवर आला तर नवस फेडावा. सगळ्या डॉक्टरांनी निषेध म्हणून काळ्या फिती लावल्या, त्या फितीसुद्धा स्वतःच्या खिशातून. वरून उत्तर आलं, की रुग्णसेवा हे व्रत आहे. व्रत म्हणे! म्हणजे उपाशी ठेवायला मोकळे. घरी बायको विचारायची, "पेशंटना रोज फळं खायला सांगता, आपल्या घरात कधी येणार?"

यावर डॉक्टरांकडे आता उत्तर होतं. चौकातल्या नव्या, काचेच्या इस्पितळात सोमवारपासून ते रुजू होणार होते. आजोबा दाखल व्हायच्या थोडं आधी मालकांनी स्वतः मुलाखत घेतली होती. माणूस सभ्य. यंत्रांबद्दल, पदव्यांबद्दल फारसं विचारलंच नाही. सडत चाललेला पाय तुम्ही कसा वाचवता, एवढंच खोदून खोदून विचारलं. "घाई केली नाही तर बहुतेक पाय वाचतात," डॉक्टर म्हणाले होते. त्यावर मालकांनी असा पगार सांगितला, की डॉक्टरांनी तो पुन्हा एकदा सांगायला लावला. इथला राजीनामा मंजूर झाला होता. शनिवार शेवटचा.

"तिकडेही तुम्ही असेच रोज बसून पाय बांधणार का?" आजोबांनी विचारलं.

"तिकडे त्याला वेगळी माणसं असतात," डॉक्टर तुटकपणे म्हणाले. "आणि विषय बदलू नका. बटाटा कुणी दिला?"

बटाटा मुलगा आणतो, हे शेवटी सिस्टरांनी फोडलं. तो संध्याकाळी येतो, तेही डॉक्टर गेल्याची खात्री करून. डॉक्टरांचं डोकंच फिरलं. सकाळी आपण मरमर मरायचं आणि संध्याकाळी या दिवट्यानं त्यावर पाणी फिरवायचं? जाण्याआधी त्याला एकदा धरायचंच, असं त्यांनी ठरवून टाकलं.

शनिवारी संधी आली. जखम भरली होती. आजोबा काठी टेकत, पण स्वतःच्या दोन्ही पायांवर वॉर्डाच्या दारापर्यंत चालून आले. त्यांना घरी सोडायचं तर मुलाची सही हवी होती. डॉक्टर बोलायचं सगळं मनात घोळवत दारातच उभे राहिले.

मुलगा आला आणि डॉक्टरांचं उगारलेलं बोट हवेतच राहिलं. समोर काचेच्या इस्पितळाचे मालक उभे होते.

"बटाट्याबद्दल माफ करा," त्यांनी हात जोडले. "बाबांचा हट्ट मोडवत नाही. आमच्या सर्जननं तर पाय कापायचा वारही ठरवला होता. सर्जन म्हणतील त्याला बाकी सगळ्या डॉक्टरांनी मान डोलवायची, हा तिथला नियम मीच घातलेला. म्हणून गुपचूप इथे आणलं."

डॉक्टरांना हसू आलं. इतक्या दिवसांचा वैताग एका क्षणात उतरला.

"आता गुपचूप आणायची गरज नाही," ते म्हणाले. "सोमवारपासून मी तुमच्याकडेच आहे."

मालकांनी खिडकीतली मेथीची बाटली उचलून छातीशी धरली. चेहरा मात्र उतरलेलाच होता.

"तीच तर पंचाईत आहे, डॉक्टर," ते हळूच म्हणाले. "तुम्हीही आमच्याकडे येऊन मान डोलवायला लागलात, तर पुढच्या वेळी मी बाबांना न्यायचं कुठे?"