पाचपैकी चार

मंगळावरची तिसरी विहीरही कोरडी निघाली. आता परीक्षक यंत्र खोदकाम बंदच करणार, असं शलाका घुमरेने धरून चाललं होतं. तिने विहिरीची जागा ठरवायचं आपलं गणित त्याच्यापुढे ठेवलं.

"उत्तर चुकलं, पण रीत बरोबर आहे. पाचपैकी चार," यंत्र म्हणालं. "घाई नडली, वेडाबाई! एक पायरी गाळलीस. पुन्हा सोडव, मग खोद."

शलाका चमकली. शाळेत तिच्या चुकलेल्या गणितांनाही घुले सर पायऱ्यांचे गुण द्यायचे आणि समासात हेच 'घाई नडली, वेडाबाई!' लिहायचे. त्या गुणांवरच तर ती पास व्हायची.

"तुला तपासायला कोणी शिकवलं?"

"जुन्या शिक्षकांनी तपासलेल्या पेपरांनी."

सर जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. शलाकाने डोळे पुसले.

"सोडवते, सर," ती म्हणाली.