चांदीचा पाय

या माउली, असे जवळ सरकून बसा. टाळ मांडीवरच असू द्या. एका चांदीच्या पायाची गोष्ट सांगतो. एवढीशी आहे, पण आत रुतून बसणारी.

चौऱ्याहत्तर सालचा माघ. उंब्रजच्या अलीकडं, भैरोबाच्या डोंगरापाशी गुंडा आणि नाथाजी एसटीतून उतरले. दोघे एकाच गावचे, मुंबईच्या एका गिरणीच्या फुटबॉल संघात पगारावर. गुंडा खेळायचा; नाथाजी राखीव, रेषेबाहेर बसायचा. आधी गुंडाचा घोटा गेला, मग गुडघा, आणि आता पुन्हा तोच गुडघा. तो पडला की नाथाजीला मैदान मिळायचं. पण नाथाजी धावत आत जायचा तेव्हा लोकांच्या माना गुंडाच्या स्ट्रेचरमागं वळलेल्या असायच्या.

रविवारी सांगलीत अंतिम सामना होता. गुंडाच्या जागी कोण उतरणार ते अजून ठरायचं होतं, असं नाथाजीला वाटत होतं.

वाटेत त्यांच्या गावची हरणाबाई भेटली. डोक्यावरची पाटी सावरत म्हणाली, "गुंडा, लेकरा, पाय कसा हाय रं आता?"

ज्याच्या खांद्यावर गुंडाचा सगळा भार होता, त्याच्याकडं तिनं पाहिलंही नाही. मेल्याचं लंगडणंसुद्धा लोकांना गोड लागतं, नाथाजी मनात म्हणाला.

पायथ्याच्या पिंपळाखाली गुंडा टेकला. त्यानं खिशातून फडक्याची पुरचुंडी काढली. आत बोटाएवढा चांदीचा पाय. त्याच्या आईनं, बनुबाईनं, दंडातली वाकी मोडून घडवलेला. दुखरं अंग चांदीचं करून देवाला वाहायचं आणि ज्याचं दुखणं त्याचं नाव सांगायचं, अशी तिकडची रीत.

"तूच जा गड्या. मला चढवत न्हाई."

नाथाजीनं मूठ मिटली. माझ्या धडक्या पायांसाठी कुणी कधी वाकी मोडली?

चार पायऱ्या चढला तोच मागून हाक आली, "नाथा, अरं थांब, ऐक की जरा!" त्यानं मान वळवली नाही. सांगणार काय, अंगारा आण म्हणून!

गाभाऱ्यात गुरवानं तळहात पुढं केला. "पाय कुनाचा? नाव सांगा."

नाथाजीनं मूठ उघडून पाय त्याच्या हातावर ठेवला.

"नाथाजी," तो म्हणाला.

गुरवानं त्याच्या धडधाकट पायांकडं एकवार पाहिलं, गाऱ्हाणं घातलं आणि चांदीचा पाय देवापुढं ठेवला.

तो खाली आला तर गुंडा हसत होता.

"बहिरा झालास व्हय रं? हाक मारली तर वळना बी."

"काय हुतं?"

"डाक्टर म्हनला, माझं खेळनं संपलं. आईला बोललो न्हाई. कप्तानाला सांगून टाकलंय, रविवारी नाथाजी, आन फुडं बी नाथाजीच. म्हनून म्हनत हुतो, देवाला माझं नगं, तुझंच नाव सांग. तुझं पाय तरी शाबूत ऱ्हाऊंद्यात. गेली आता आईची वाकी वाया."

नाथाजी शेवटच्या पायरीवर मटकन खाली बसला.

गुंडा ढुंगणावर सरकत जवळ आला. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "काय रं? पाय दुखतोय?"

माउली, आज आरतीला हात जोडाल तेव्हा गुंडाचं नाव तेवढं घ्या. नाथाजीचं घेऊन झालंय.