घुमटीपुढचं पाणी

"ठेव ती बाटली खाली," एलिएसर म्हणाला. "मेलेल्याच्या तोंडचं पाणी काढून घेतोस?"

नीबाल्दोचा हात तिथंच थांबला. छातीइतकी पत्र्याची घुमटी, आत कुणा ट्रकवाल्याचा उन्हानं उडालेला फोटो, आणि पुढ्यात पाण्यानं भरलेल्या बाटल्यांची धुळकट रांग. एका बाजूला वाळवंट, दुसऱ्या बाजूला खारा समुद्र, मध्ये या दोघांच्या सायकली. सकाळी दगडावर आपटून पाण्याचा कॅन फुटला होता. आता नीबाल्दोची निळी बाटली तेवढी उरली होती, तीही अर्धी.

नीबाल्दो दक्षिणेकडचा, पावसाच्या मुलखातला. एलिएसरच्या धाकट्या बहिणीचा, ओर्फेलिनाचा नवरा. डांबरी रस्ता सोडून ताल्ताल गावापासून खाली नुसत्या किनाऱ्यानं सायकल हाणायची, हे खूळ एलिएसरचं. "दादा, याला धड परत आण," एवढंच बहीण निघताना म्हणाली होती.

"इथं घ्यायचं नसतं बाबा, द्यायचं असतं," एलिएसरनं त्याला समजावलं. "तहानेनं गेलेला जीव आहे. त्याला पाणी ठेवायचं आणि मागायचं. ज्याच्यासाठी मागायचं, त्याची एखादी वस्तू बाटलीखाली ठेवायची. तो माणूस कुठंही असो, सुखरूप पोचतो."

"मग तुझ्या बहिणीनं आपल्यासाठी पिंपच ठेवायला हवं होतं," नीबाल्दो हसत म्हणाला, आणि बाटली होती तिथं ठेवून दिली.

पुढच्याच उतारावर त्याचं चाक वाळूत रुतलं आणि तो खडकावर आदळला. मांडीचं हाड मोडलं. एलिएसरनं शर्ट फाडून पाय बांधला, त्याला ओढत पुन्हा घुमटीशी आणलं आणि तिथं हातमोजे काढून ठेवून गाठ आणखी घट्ट केली. सावली म्हणावी अशी तेवढीच होती. फोन दोन दिवसांपासून मुका होता. शेवाळ गोळा करणाऱ्यांचे तंबू पुढे किनाऱ्यावर कुठंतरी होते. जाणं भाग होतं.

"घोट घोट घे," निळी बाटली त्याच्या हातात देत एलिएसर म्हणाला.

"आणि तू काय पिणार?"

"माझं मी बघतो."

सायकलवर बसताना एलिएसरच्या ओठांवर आलं होतं, अगदीच जीव कासावीस झाला तर त्या बाटल्या उघड. पण तासाभरापूर्वी ज्या तोंडानं झापलं, त्याच तोंडानं हे सांगायचं कसं? एलिएसर भारी हट्टी माणूस. न सांगता पिईल की, कुक्कुलं बाळ आहे का, असं मनाशी म्हणत तो निघाला. हातमोजे तिथंच राहिले, हे त्याच्या बरंच पुढे गेल्यावर ध्यानात आलं.

वाळूत सायकल चालवण्यापेक्षा ढकलावीच लागत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची जीभ टाळ्याला चिकटली. वाटेत आणखी एक घुमटी लागली, एका लहान पोरीची. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, जसं काही त्या ओसाड जागी कुणी बघणार होतं, आणि बाटली तोंडाला लावली. पाणी कोमट होतं, त्याला प्लॅस्टिकचा वास होता. त्यानं दुसरीही संपवली. लाज वाटली, नाही असं नाही. मग मनात आलं, नीबाल्दोनंही एव्हाना हेच केलं असणार, आणि त्याला केवढं हायसं वाटलं.

संध्याकाळी तंबू दिसले. शेवाळवाल्या ऑस्मानकडे जुनी पिकअप होती, पण रात्री समुद्रावरून दाट धुकं आलं, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. ते उजाडल्यावरच निघू शकले. एलिएसरच्या तोंडाचा पट्टा वाटभर चालू होता. बहीण आता मला फाडून खाणार, लंगड्या नवऱ्याला आता जन्मभर मीच पोसू का, म्हणणार.

"पाणी आहे ना त्याच्याजवळ?" ऑस्माननं मध्येच विचारलं.

"पाण्याला काय तोटा? घुमटीपाशीच बसवलाय त्याला."

नीबाल्दो घुमटीला टेकून बसला होता. टोपी डोळ्यांवर ओढलेली. एलिएसरनं हाक मारली. पुन्हा मारली. मग जवळ जाऊन टोपी वर केली. ओठ काळे पडून फुटले होते.

ऑस्माननं आपली टोपी काढली. मग त्याची नजर बाटल्यांवर गेली. "एवढं पाणी हाताशी असताना?" तो पुटपुटला. "एकीलाही शिवला नाही?"

एलिएसर गुडघ्यांवर बसला. बाटल्यांवरची धूळ जशीच्या तशी होती. फक्त फोटोसमोरची एक स्वच्छ होती. निळी, झाकण घट्ट लावलेली, त्यानं दिली होती तशीच अर्धी भरलेली.

तिच्याखाली, नीट घडी घालून, एलिएसरचा हातमोजा ठेवलेला होता.